शपथेला लुगडं चालतं

अमरावती-अकोल्याची शिकलेली मुलं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्थिरावली. आधी व्हिसा, मग ग्रीन कार्ड आणि एके दिवशी नागरिकत्वाच्या शपथविधीचं बोलावणं. नातवंडांसाठी तिकडे गेलेले आईवडीलही नेमके तेव्हा घरात असले, तर तिवसा तालुक्यातल्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘लुगडं चालते का रे तिथं?’

चालतं. खुशाल नेसावं.

अमेरिकेत हे बोलावणं एन-445 नावाच्या कागदावर येतं. पोशाखाची सूचना त्यातच असते. प्रसंगाचा मान राखणारे कपडे हवेत. जीन्स, हाफ पँट आणि स्लिपर नकोत. कोट-टायची सक्ती नाही. नऊवारी, पैठणी, धोतर, झब्बा, सगळं त्या सूचनेत बसतं. ऑस्ट्रेलियात 2019 पासून पोशाखाचे नियम ठरवणं स्थानिक कौन्सिलकडे आहे, म्हणून तिथे निमंत्रण नीट वाचून घ्यावं.

कपड्यांपेक्षा जास्त जपायचे ते कागद. एन-445 वर काही प्रश्न छापलेले असतात: मुलाखतीनंतर लग्न किंवा घटस्फोट झाला का, परदेशी जाऊन आलात का, कधी अटक झाली का? त्यांची उत्तरं शपथेच्या दिवशीच भरायची असतात. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं ग्रीन कार्ड तिथेच परत द्यावं लागतं. मग सगळे उभे राहतात, उजवा हात वर करतात आणि शपथ एकसुरात म्हटली जाते. प्रमाणपत्र हाती आलं की फोटोची घाई होते. आधी नाव आणि जन्मतारीख तपासावी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. त्यात एका अक्षराची चूक राहिली, तर पुढे पासपोर्टपाशी अडतं.

त्या शपथेबरोबर भारताचं नागरिकत्व संपतं, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावं. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 तसं सांगतं. भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, तो रीतसर जमा करायचा. ओसीआय कार्ड काढलं की येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही, पण मतदान करता येत नाही. शेतजमीनही विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. ज्यांच्या घरी संत्र्याची बाग किंवा कपाशीचं वावर आहे, त्यांनी ही गोष्ट शपथेआधी बोलून घ्यावी.

म्हणूनच त्या दिवशी आपला पेहराव असावा असं वाटतं. रुक्मिणी आपलं माहेर कौंडण्यपूर सोडून गेली, पण ते माहेर सुटलं नाही. कौंडण्यपूरहून तिची पालखी पंढरपूरला जाते, आणि परंपरा तिची सुरुवात 1594 सालची सांगते. परदेशी शपथ घेणाऱ्या लेकीनेही अंगावर माहेरचं काही ल्यावं, त्यात त्या देशाचा काही अवमान नाही.

ब्रिटनमध्ये हा समारंभ तसा नवा आहे. पूर्वी वकिलासमोर शपथ घ्यायची आणि प्रमाणपत्र टपालाने यायचं. 26 फेब्रुवारी 2004 रोजी लंडनच्या ब्रेंटमध्ये पहिला सोहळा झाला, त्याला युवराज चार्ल्स हजर होते. आता तिथे पाहुण्यांसमोर शपथ होते, राष्ट्रगीत म्हटलं जातं.

आपल्याकडे काय आहे? नागपूर, अमरावती, अकोल्याच्या सिंधी वसाहतींत फाळणीनंतर आलेली कुटुंबं आहेत, आणि पाकिस्तानातून पुढेही माणसं येत राहिली. कित्येकांची नागरिकत्वाची वाट पाहण्यात उमेदीची वर्षं गेली. 2024 च्या नागरिकत्व (दुरुस्ती) नियमांनुसार अर्ज टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातात. अर्जदाराने स्वतः हजर राहून अधिकाऱ्यासमोर राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायची असते. नियमांत समारंभाची तरतूद नाही. मे 2024 मध्ये दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांनी या नियमांखालची पहिली प्रमाणपत्रं हातात दिली, तेव्हा देशाने ते चेहरे पाहिले. जिल्ह्यात मात्र तो क्षण टेबलावरच्या फायलीत उरकू शकतो, आणि हे योग्य नाही.

ज्या माणसाने हा देश स्वतः निवडला, त्याला तो सोहळा मिळायला हवा. खर्च फारसा नाही. वर्षभरात नागरिक झालेल्यांना सहकुटुंब बोलवावं, ध्वजासमोर त्यांची नावं घ्यावीत, टाळ्या वाजवाव्यात. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या 26 जानेवारीच्या ध्वजवंदनापासून ही सुरुवात करावी.