कोरणे की जाळणे?

मी मराठीचा प्राध्यापक. कोरण्याशी माझा संबंध शिलालेख आणि ताम्रपट यांपुरता. पण आमच्या इमारतीतल्या एका तरुणाने घरातच लेसरचे यंत्र मांडले आणि तो दारावरच्या पाट्या कोरून देऊ लागला, तेव्हापासून या नव्या छिन्नीविषयी मला कुतूहल वाटू लागले.

या विद्येत आपलाही थोडा वाटा आहे, बरे का! बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला. लाकूड आणि अॅक्रिलिक कोरणारी पुष्कळ यंत्रे आजही त्याच जातीच्या लेसरवर चालतात.

मात्र 'कोरणे' हा शब्द इथे फसवा आहे. छिन्नी कोरते, लेसर जाळतो. लाकडावर उमटलेले अक्षर म्हणजे नेमक्या जागी, नेमके हवे तेवढेच जळलेले लाकूड. एवढे ध्यानात धरले, की बाकीचे नियम स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सुचावेत.

दूध तापत असता आपण शेगडीपासून हलत नाही. तसेच यंत्र चालू असता तिथून हलू नये. आग विझवण्याचे साधन हाताशी असावे. धूर पंख्याने आणि नळीने घराबाहेर जावा. आणि चुलीत काय घालतो, ते आधी पाहावे. पीव्हीसी आणि त्याचा लेप दिलेले रेक्झिन जळले, की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक. यंत्रालाही गंज चढवणारा. गिऱ्हाईक "चामडेच आहे" म्हणाले, तरी खात्री पटल्यावाचून काम घेऊ नये.

डोळ्यांची गोष्ट याहून नाजूक. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण दिसतच नाही, आणि डोळ्याचा बाहेरचा पारदर्शक पडदा भाजतो. छोट्या यंत्रांतला निळा किरण थेट आतल्या पडद्यावर पोचतो, आणि त्या पडद्याला वेदना ठाऊक नाही. म्हणजे इजा झाल्याचे कळतही नाही. म्हणून झाकण उघडून डोकावू नये. यंत्र उघडे असेल, तर त्याच किरणासाठी केलेला चष्मा लावावा. उन्हाचा काळा चष्मा इथे कुचकामी!

काम लवकर उरकायचे म्हणून शक्ती वाढवावी, तर तेही चुकते. आच मोठी केल्याने पोळी लवकर होत नाही, करपते. भिंग स्वच्छ ठेवावे, भिंग आणि माल यांतले अंतर नेमके जुळवावे, वेग आणि शक्ती टाकाऊ तुकड्यावर आधी अजमावून पाहावी. वाया जाणारा माल वाचला, की वेळही वाचतो.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. त्याची चार वर्षांची लेक यंत्राच्या काचेला नाक लावून उभी असते, आणि दिवाळीच्या गर्दीत तो यंत्र चालूच ठेवून पाट्या पोचवायला खाली जातो. तो म्हणाला, "सर, पटते. पण प्रत्येकाला पाटी धनत्रयोदशीच्या आतच हवी!"

त्याचे खोटे नाही. तो आता यंत्र बंद करूनच खाली जातो. पण घाई आपली, गिऱ्हाइकांची आहे. नावाची पाटी चार दिवस उशिरा लागली, म्हणून पाहुण्यांना आपले घर सापडायचे थोडेच राहते?