नऊशे किलोमीटर, दोन हजारांचं तिकीट आणि अर्धवट कायदा

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण पूर्ण वाचा.

जानेवारी २०२५ मध्ये मी कोल्डप्लेचा कार्यक्रम पाहायला नवी मुंबईला गेलो होतो, हे जवळच्या काही लोकांनाच माहीत आहे. उरलेल्यांना सांगितलं नाही, कारण करडीच्या चौकात पत्रकाराची किती टिंगल होते ते मला ठाऊक आहे. "भाऊ, बातम्या धानाच्या लिहिता अन् गाणे इंग्रजी ऐकता?" हा प्रश्न एकाने विचारलाच. त्याचं उत्तर आज देतो.

खरं म्हणजे चाहता मी नव्हतोच. चाहता आमच्या शेजारचा पोट्टा. नागपूरला शिकत असताना त्याला या बँडचं वेड लागलं. आता गावातच मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. कानात इअरफोन अन् हातात स्क्रू ड्रायव्हर. बाप धानाचा शेतकरी.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. दुपारी बारा वाजता तिकीटविक्री सुरू होणार होती. पोट्टा सकाळपासून गच्चीवर, कारण घरात रेंज येत नाही. बाराच्या आधीच ॲप बसलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा रांगेत त्याच्यापुढे काही लाख लोक. नंतर तिकीट विकणाऱ्या कंपनीनेच सांगितलं की त्या दिवशी १ कोटी ३० लाख लोक तिकिटासाठी आले होते. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम साधारण पन्नास हजारांचं. १८ आणि १९ जानेवारीचे दोन कार्यक्रम ठरले होते, गर्दी पाहून २१ तारखेचा तिसरा वाढवला. तिन्ही मिळून हिशेब केला तरी शंभरात एक-दोघांनाच तिकीट मिळणार होतं. त्याला मिळालं नाही. यात कोणाचा दोष नाही. मागणी जास्त असेल तर काही लोक राहणारच.

दोष पुढच्या गोष्टीत आहे.

तिकिटं संपली आणि तासाभरात तीच तिकिटं दुसऱ्या वेबसाईटवर, टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामवर विकायला आली. मूळ दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. काळ्या बाजारात हेच आकडे लाखांच्या घरात गेले. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता क्विंटलला २,३०० रुपये. म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीट एका क्विंटलहून थोडं जास्त, सगळ्यात महाग पंधरा क्विंटल. हे झाले अधिकृत दर. काळ्या बाजारातल्या तिकिटाला आख्ख्या वावराचं पीकही पुरलं नसतं.

आपला पोट्टा टेलिग्रामवर गेला. कोणीतरी म्हणाला, "दोन तिकिटं आहेत, सहा हजार आधी पाठव, बाकी तिकीट मिळाल्यावर." पाठवले. पाच मिनिटांत समोरच्याने ब्लॉक केलं. त्याने चार दिवस कोणाला सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती. माझ्याकडे आला तेव्हा उशीर झाला होता. (पोट्ट्यांनो, लिहून ठेवा : पैसे गेले की लाजू नका, त्याच क्षणी १९३० वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.) सहा हजार म्हणजे त्याची तीन महिन्यांची बचत होती. बापाला आजही माहीत नाही. त्याच्या नावाशिवाय लिहायची परवानगी घेऊन मी हे लिहितोय.

मग नोव्हेंबरमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. या बँडची जगभर एक पद्धत आहे : थोडी तिकिटं अगदी स्वस्त ठेवायची. त्याला ते इन्फिनिटी तिकीट म्हणतात. भारतात त्याचा दर होता २,००० रुपये. एका माणसाला जास्तीत जास्त दोन, आणि घ्यायची तर जोडीनेच. जागा कुठली ते आधी सांगत नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी ओळखपत्र घेऊन खिडकीवर जायचं, तिथे जागा कळते. ती पहिल्या रांगेतली असू शकते किंवा अगदी मागची.

या वेळी नशीब लागलं. २१ तारखेची दोन तिकिटं, चार हजार रुपये. आता जोडीला कोण? मित्रांना सुट्ट्या नाहीत, मंगळवार होता. बाप म्हणाला, "एकट्याला मुंबईला पाठवत नाही." पोट्टा माझ्या दारात. "काका, चला ना जी. तुम्हाला बातमीही भेटेल."

गेलो.

आदल्या दिवशी मोटारसायकलने देव्हाडीचं तुमसर रोड स्टेशन, तिथून दुपारची विदर्भ एक्सप्रेस. डब्यात शेंगदाणे, सोबत भाकरी-ठेचा. रात्री टीसी आला, तिकीट पाहिलं, आधार पाहिलं, पुढे गेला. तेव्हा काही वाटलं नाही. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पहाटे ठाण्याला उतरलो, लोकलने नेरूळ. दुपारी खिडकीवर ओळखपत्र दाखवलं, तिकिटं हातात. जागा मिळाली वरच्या मजल्यावर, बाजूची. स्टेज लहान दिसत होतं, पण दिसत होतं.

कार्यक्रमाचं वर्णन करण्याची माझी लायकी नाही. एवढंच सांगतो : आत जाताना प्रत्येकाच्या मनगटात एक पट्टा बांधतात. गाण्याच्या तालावर पन्नास हजार मनगटं एकदम उजळतात आणि सगळं स्टेडियम पिवळं होतं. शब्द मला अर्धेच कळले. शेजारी पाहिलं तर पोट्टा रडत होता. मी काही बोललो नाही. बाहेर पडताना पट्टा परत द्यायचा असतो. त्याने दिला, पण हातातून सोडताना दोन सेकंद थांबला.

रात्र ठाणे स्टेशनच्या फलाटावर काढली, दुसऱ्या संध्याकाळी परतीची गाडी. येताना त्याने एकच वाक्य म्हटलं, "काका, मी सहा हजार देऊन फसलो, तर बाकी लोक किती देऊन फसले असतील?"

म्हणून ही पोस्ट.

आता दोन आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

पहिला : "शेतकरी मरतोय अन् तुम्हाला बँडचं पडलं." भाऊ, धानाच्या चुकाऱ्यांवर मी दरवर्षी लिहितो, यंदाही लिहीन. पण शेतकऱ्याच्या पोराने फक्त दुःखच पाहावं, असा नियम कुठे आहे? आणि कार्यक्रमासाठी दूर जाणं आपल्याला नवीन आहे का? दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की आपले आजे बंडी जुंपून दहा-दहा कोस दंडार, खडी गंमत, नाटक पाहायला जात. आजही वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या हंगामभर झाडीपट्टीत फिरतात, लोक थंडीत रात्रभर जागतात. त्याच झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपला हा सगळा मुलूखच कलेसाठी वाट तुडवणारा आहे. फरक एवढाच की मंडईच्या नाटकाला खिडकीवर जो दर लिहिलाय तोच सरपंचाला आणि तोच मजुराला. मंडळाचा माणूस समोर बसलेला असतो. कोणी तिकीट दामदुपटीने विकायला लागला तर गावच त्याला आडवं होतं. पन्नास हजारांच्या स्टेडियमला असं गाव नसतं. तिथे कायदाच लागतो.

दुसरा आक्षेप : "मागणी-पुरवठा आहे, ज्याला परवडेल तो घेईल." ठीक. मग टीसीने माझं आधार का पाहिलं? रेल्वेच्या तिकिटालाही मागणी भरपूर आहे. तरी रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ नुसार परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे. का? कारण तिकीट रांगेतल्या माणसासाठी असतं, रांग विकत घेणाऱ्यासाठी नसतं. हे तत्त्व देशाने मान्य केलेलं आहे, फक्त रेल्वेच्या फाटकापर्यंतच.

म्हणजे बाकी तिकिटांना काहीच नाही का? आहे, पण अर्धवट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये तिकिटांची अनधिकृत विक्री हा गुन्हा आहे. पण तो टोळीने केला तर. कुठे बसलेला कोण, किती खात्यांवरून विकतोय, ही टोळी आहे की सुटा माणूस, हे सिद्ध करता करता कार्यक्रम होऊनही जातो. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने या प्रकरणात चौकशी केली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. नियम करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, असा त्याचा अर्थ. न्यायालयाचं बरोबरच आहे. मग चेंडू कोणाकडे? आपण निवडून दिलेल्यांकडे.

बाहेर काय चाललंय ते पाहा. आयर्लंडने २०२१ मध्येच कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त दराने पुन्हा विकायला बंदी घातली. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तशीच बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. त्याआधी काही दिवस तिथल्या कलाकारांनी पंतप्रधानांकडे हीच मागणी केली होती, त्यात कोल्डप्लेही होतं. आपल्याकडे मात्र मोठ्या कार्यक्रमांमुळे हॉटेलं किती भरली, विमानं किती महागली याचंच कौतुक. ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं तो चाहता कुठेच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. एक : मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट नावाचं असावं आणि प्रवेशाला ओळखपत्र पाहावं. दोन : जाता आलं नाही तर तिकीट त्याच कंपनीकडे परत करता यावं आणि मूळ किमतीतच दुसऱ्याला मिळावं. तीन : मूळ किमतीहून जास्त दराने पुन्हा विकणं हा गुन्हा असावा, मग विकणारा टोळीतला असो की एकटा. चार : थोडी तिकिटं सोडतीने द्यावीत, म्हणजे ज्याच्या गावात रेंज नाही त्यालाही मुंबईतल्या फायबरवाल्याइतकीच संधी मिळेल. यातलं एकही अशक्य नाही. दोन हजारांच्या त्या तिकिटाने पहिली गोष्ट करूनही दाखवली. म्हणूनच ते तिकीट लाखाला विकलं गेलं नाही, करडीच्या पोट्ट्याला मिळालं.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, आपल्या दारात. आमदार साहेबांना धानाच्या बोनसचं निवेदन द्यायला आपण जातोच. त्यालाच हे एक पान जोडायला काय हरकत आहे? पान मी लिहून ठेवलंय. सही करायची असेल त्यांनी दुकानावर यावं. पोट्टा तिथेच बसलेला असतो, कानात इअरफोन घालून. जरा जोरात हाक मारा.

आणि तिकिटाच्या नावाखाली तुमचेही पैसे गेले असतील तर खाली लिहा. लाजू नका. गप्प राहिलो म्हणूनच हा धंदा चालतो.