संस्कृती कंपनीची की कामगारांची?

'संस्कृती' हा शब्द सध्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी दत्तक घेतला आहे. घरोघरी बसून काम करणाऱ्या, परस्परांना क्वचितच भेटणाऱ्या माणसांत 'निरोगी कार्यसंस्कृती' रुजवायची म्हणून पडद्यावर योगासने होतात, सामूहिक चहा होतो आणि 'आपण सारे एक कुटुंब' हे वाक्य घोकले जाते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तरी शब्दाचा हा वापर निमूटपणे स्वीकारू नये, असे आम्हांस वाटते.

संस्कृती वरून पुरवली जात नाही. डिलाईल रोडचा इतिहास हेच सांगतो. गिरणीने कामगाराला साचा दिला आणि भोंगा दिला. खाणावळी, गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, भजनी मंडळे हे सारे गिरणीच्या दाराबाहेर कामगारवस्तीने उभे केले. १९२८ चा संप सुमारे सहा महिने टिकला, तो या वस्तीच्या आधारावर. रविवारची सुटीदेखील मालकांच्या मायेने आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने ती १८९० साली मिळवली.

यात स्मरणरंजन नको. त्याच गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, आणि डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न संपकाळात कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. परंतु अन्याय डोळ्यांसमोर होता, म्हणून त्यावर भांडता येत होते.

गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्या २०२० साली ओस पडल्या आणि काम घरात शिरले. आता सुटीचा भोंगाच उरलेला नाही. सहकारी भेटतो तो साहेबाने बोलावलेल्या बैठकीत, कंपनीच्याच यंत्रणेवर. पगार ताडून पाहायचा कुठे? गाऱ्हाणे सांगायचे कोणाला? आणि एका खोलीच्या घरात चूल व संगणक दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला योगासनांचा तास म्हणजे आणखी एक काम!

म्हणून आमची कसोटी साधी आहे. काम किती वाजता संपते? त्यानंतर फोन न उचलल्याची किंमत मोजावी लागते का? कामगारांना साहेबाविना आपापसांत बोलता येते का? फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काला २०१७ पासून कायद्याचा आधार आहे. आपल्या लोकसभेत अशी खासगी विधेयके मांडली गेली, एवढेच.

डिलाईल रोडला आज ना. म. जोशी यांचे नाव आहे. १९२० साली आयटकच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. निरोगी कार्यसंस्कृतीची चर्चा करायचीच असेल, तर ती योगासनांपासून नव्हे, संघटनेपासून सुरू व्हावी.