रिकामा रकाना

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव नकाशावर शोधायला दोन मिनिटे लागतात. खाडीच्या मुखाशी यशवंतगड, जवळच साखरी नाट्याचे मच्छीमार बंदर आणि पैलतीराला जैतापूर व माडबन. एवढ्या या टापूविषयी गेल्या वीस वर्षांत जगभर जेवढे लिहिले गेले तेवढे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या शहराविषयीही लिहिले गेले नसेल. पॅरिसमधील वीज कंपनीचे कागद, दिल्लीतील मंत्रालयाच्या परवानग्या, अणुशास्त्रज्ञांचे वाद, सागरी जीवशास्त्रज्ञांची टिपणे, पुरातत्त्वज्ञांचे अभ्यास असे सारे काही इंटरनेटवर आहे. हातात मोबाइल आहे आणि मनोरा लागतो, त्या कोणालाही ते फुकट वाचता येते. अडचण एकच. त्यातील बहुतेक सारे इंग्रजीत आहे.

इंटरनेट आल्यावर ज्ञानाची दारे खेड्यापाड्यांना खुली होतील, असे आपण ऐकत आलो. दारे खुली झाली हे नाकारण्याचे कारण नाही. पण मराठी माणूस आत शिरतो तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? करमणूक भरपूर, भाविकपणा भरपूर, राजकारणातील शेरेबाजी तर हवी त्याहून अधिक. आपल्या गावाचे भवितव्य ठरविणारा मजकूर मात्र भिंतीपलीकडेच राहतो. मग मुंबईतला चाकरमानी तो वाचतो, त्याला समजला तेवढा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो आणि मूळ अहवालाऐवजी त्याचे सांगोवांगी रूप घरोघर पोहोचते. अफवेला याहून सुपीक जमीन कोणती?

याची किंमत किती असते हे नाटे परिसराने पाहिले आहे. जैतापूर प्रकल्प १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा, म्हणजे ९,९०० मेगावॅटचा. त्याच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ने तयार केला आणि १६ मे २०१० रोजी माडबन येथे जनसुनावणी झाली. अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, ही तेव्हा ग्रामस्थांची एक मुख्य तक्रार होती. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली. पुढे ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. त्यानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिलला, नाटे येथील पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाट्याचा एक मच्छीमार मृत्युमुखी पडला. अहवाल मराठीत असता तर हे टळले असते, असा भाबडा दावा कोणी करू नये. विरोधामागे जमिनीचा, मासेमारीचा आणि सरकारवरील अविश्वासाचा प्रश्न होता. परंतु अणुभट्टीचे गरम पाणी समुद्रात कोठे सोडणार आणि त्याने मासळीचे काय होणार, हे ज्याच्या पोटाशी निगडित आहे त्याला ते त्याच्या भाषेत सांगितलेच जात नसेल, तर अविश्वासाखेरीज दुसरे काय उगवणार?

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. मेख ‘सारांश’ या शब्दात आहे. संपूर्ण अहवाल शेकडो पानांचा, सारांश मोजक्या पानांचा, आणि नेमके वादाचे तपशील तक्त्यांत व परिशिष्टांत दडलेले. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी असे कलम चारमध्ये सांगतो. पुढे २०२० मध्ये केंद्राने या अधिसूचनेचा नवा मसुदा काढला तेव्हा तो आठव्या परिशिष्टातील भाषांत द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी दिला. तो मुकाट्याने पाळण्याऐवजी केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः मात्र २०१९ पासून आपले निवडक निकाल मराठीसह काही भारतीय भाषांत संकेतस्थळावर द्यायला आरंभ केला होता. न्यायालयाला जे साधते ते मंत्रालयाला साधू नये, यात अडचण भाषांतरकारांची नसून इच्छेची आहे.

इंटरनेटवर मराठी नाहीच, असे मात्र नव्हे. सातबारा मराठीत मिळतो, शासन निर्णय मराठीत मिळतात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभारलेला मराठी विश्वकोशही तेथे वाचता येतो. परंतु यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जे मराठीत जन्मले ते मराठीत दिसते. दिल्लीत, पॅरिसमध्ये किंवा मुंबईच्या कंपनी कचेरीत जे जन्मते ते इंग्रजीतच राहते. आणि नेमके तेच नाटे, माडबन किंवा बारसू यांचे नशीब ठरविते.

उदाहरण जैतापूरचेच घ्यावे. येथे ज्या जातीच्या अणुभट्ट्या योजल्या आहेत तशीच एक फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल येथे २००७ च्या डिसेंबरात बांधायला घेतली. ती वीजजाळ्याला जोडली गेली ती २०२४ च्या डिसेंबरात, म्हणजे सतरा वर्षांनी. फिनलंडमधील भट्टी २००५ साली बांधायला घेतली आणि तिची नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये होऊ लागली. चीनमधील दोन भट्ट्या मात्र २०१८ व २०१९ मध्येच चालू झाल्या. या माहितीतून प्रकल्पाच्या बाजूचा माणूस एक अर्थ काढील, विरोधातला दुसरा. दोघांनाही तो अधिकार आहे. पण आधी ती दोघांच्या हाती पडायला हवी.

बारसूचेही तेच. तेथील सड्यावरची कातळशिल्पे कोकणातील इतर ठिकाणांसह २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. त्याच सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. ज्या जमिनीचे महत्त्व जगाला इंग्रजीतून सांगितले जाते, तिच्या मालकाला ते महत्त्व कोणत्या भाषेतून कळावे? आणि याच राजापुरात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पत्रकार शशिकांत वारिशे यांना मोटारीखाली चिरडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या जमीन व्यवहारांविषयी ते मराठीत लिहीत होते. गावाला कळेल अशा भाषेत लिहिणे किती जोखमीचे असते आणि म्हणूनच किती मोलाचे असते, हे सांगायला आणखी पुरावा नको.

आता यंत्रे भाषांतर करतात, मग तक्रार कशाला, असे कोणी म्हणेल. यंत्राने वरवरचा अर्थ लागतो, हे मान्य. पण छायाचित्रासारखे चढविलेले कागद, आकड्यांचे तक्ते आणि शास्त्रीय संज्ञा यांपाशी ते अडखळते. त्याहून मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे. यंत्राने चुकीचे सांगितले तर सुनावणीत त्याचा दाखला कोण मानणार? सरकारने शिक्का मारून दिलेल्या मराठी प्रतीला जी किंमत आहे ती मोबाइलवरच्या उताऱ्याला नाही.

मराठी वृत्तपत्रांनाही यातून सुटका नाही. संकेतस्थळावर दिवसाला शेकडो बातम्या टाकायच्या आणि त्यांत एकही अहवाल मुळातून समजावून सांगायचा नाही, ही रीत झाली आहे. इंग्रजीत राजकारण, नगरजीवन, तंत्रज्ञान यांवर दीर्घ आणि रसाळ लेखन होते, तसे मराठीत वाचायला वाचक नाही, ही सबब टिकणारी नाही. वाचक आहे, त्याच्यापुढे ताट वाढलेले नाही.

हे ताट वाढायला या प्रदेशानेच एकेकाळी शिकविले होते. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा त्याच्या पानावर दोन रकाने होते. एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. राज्यकर्त्याला जे वाचता येते ते रयतेलाही वाचता यावे, अशी ती मांडणी होती. छापखाना महाग, वाचक तुरळक, भाषांतर हाताने करायचे, अशा काळात त्यांना ते जमले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचे सोहळे झाले, सत्कार झाले. आता राज्य सरकारने एक साधी गोष्ट करावी. महाराष्ट्रातील ज्या प्रकल्पाची जनसुनावणी व्हायची आहे, त्याचा संपूर्ण अहवाल, परिशिष्टांसह, मराठीत संकेतस्थळावर आल्यावाचून सुनावणीची तारीख लावू नये, असा आग्रह केंद्राकडे धरावा आणि आपल्या अखत्यारीत आहे तेथे तसा नियमच करावा. त्याचा खर्च प्रकल्पकर्त्याने सोसावा; हजारो कोटींच्या हिशेबात तो दिसणारही नाही. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आखलेला दुसरा रकाना आज इंटरनेटच्या पानावर रिकामा पडला आहे. तो भरला तर नाटे बंदरातला मच्छीमार प्रकल्पाला हो म्हणेल की नाही म्हणेल, ते त्याचे तो ठरवील. पण जे म्हणेल ते वाचून म्हणेल.