टर्फ म्हणजे फुटसाल नव्हे

दर गुरुवारी रात्री दहाला आमच्या ऑफिसातली दहा पोरं बाणेरच्या एका टर्फवर जमतात. तासाचे पैसे यूपीआयवर वाटून घ्यायचे, प्लास्टिकच्या गवतावर गुडघे सोलून घ्यायचे आणि स्टेटसला टाकायचं, 'फुटसाल नाइट'. परवा आमच्या गोलकीपरने विचारलं, "यात आपला देश कुठंय रे?" कुणालाच सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं आणि झोप उडाली.

आशियाई फुटसाल स्पर्धा १९९९ पासून होते. भारताच्या पुरुष संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला २०२३ मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं आपण हरलोही नाही, कारण आपण उतरलोच नाही. त्यानंतर २०२३ ला दुशान्बे, २०२५ ला कुवेत. दोन्ही वेळा पात्रता फेरीतूनच परत. मुख्य स्पर्धा आपण अजून एकदाही खेळलेलो नाही. याच काळात इराणने २०१६ च्या विश्वचषकात ब्राझीलला घरी पाठवून तिसरा क्रमांक मिळवला, आणि २०२४ चा विश्वचषक उझबेकिस्तानने भरवला.

यात खेळाडूंना मी दोष देणार नाही. विशीत पहिल्यांदा नियम शिकलेल्या पोराने लहानपणापासून हेच खेळणाऱ्यांना हरवावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. माझा राग दोन गोष्टींवर आहे.

पहिली, आपली जत्रेची हौस. २०१६ ला प्रीमियर फुटसाल नावाची लीग आली. फिगो, गिग्ज, फाल्काओ आले. रोनाल्डिन्होने गोव्याच्या संघाकडून एकाच सामन्यात पाच गोल मारले. राष्ट्रीय महासंघाची तिला मान्यता नव्हती. दोन हंगामांत तंबू उठला. महासंघाची स्वतःची क्लब स्पर्धा सुरू झाली ती २०२१ मध्ये. आधी डेमो, मग कधीतरी प्रॉडक्ट! आमच्या धंद्यात असं करणाऱ्याला क्लायंट उभा करत नाही.

दुसरी गोष्ट आपल्यावरच येते. आपण टर्फला फुटसाल म्हणतो. फुटसाल सपाट, टणक पृष्ठभागावर खेळतात. चेंडू लहान आणि कमी उसळणारा. रेषेबाहेर गेला की गेला. आमच्यासारखा जाळीवर आपटून परत येत नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, खेळ थांबला की घड्याळही थांबतं. एका डावात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला भिंतीशिवाय फ्री किक. तळपायाने चेंडू थांबवणं, चेंडू दिला की लगेच जागा बदलणं, हे सगळं त्या टणक जमिनीतून येतं. गवतावर ते येत नाही.

कुणी म्हणेल, क्रिकेटच्या देशात यासाठी पैसा कोण देणार? पण इथे पैसा हे निमित्त आहे. आंतरराष्ट्रीय फुटसालचं कोर्ट ४० बाय २० मीटर, गोल ३ बाय २ मीटर. हँडबॉलचंही नेमकं हेच माप. ज्या शाळा-कॉलेजांत हँडबॉलचं कोर्ट आहे, तिथे फुटसालचं मैदान आजच तयार आहे. फक्त रेषा वेगळ्या रंगाने मारायच्या, दोन चेंडू घ्यायचे आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप लावायचं नाही. तालुका पातळीवर शालेय स्पर्धा भरवायला रोनाल्डिन्हो लागत नाही.

आमच्या टर्फच्या वॉचमनचा मुलगा दहा-अकरा वर्षांचा आहे. आम्ही हजारो रुपयांचे बूट घालून धापा टाकत असताना तो बाहेर पार्किंगच्या सिमेंटवर, फाटका चेंडू तळपायाखाली फिरवत दोन स्कूटरच्या मधून काढतो. आत यायला त्याच्याकडे पैसे नाहीत. आणि अख्ख्या त्या जागेत फुटसालच्या सगळ्यात जवळचं काही खेळत असेल, तर तो एकटाच.

या गुरुवारी मी स्टेटसला 'टर्फ नाइट' लिहिलं. आणि जवळच्या एका शाळेला पत्र टाकलंय, तुमचं हँडबॉल कोर्ट संध्याकाळी पोरांसाठी उघडाल का म्हणून. तुमच्याही घराजवळ असं एखादं कोर्ट कुलूपबंद असेल. बघा जरा.