समुद्राचे विश्वस्त कोण?

नारळी पौर्णिमेस कोळी समुद्रास नारळ अर्पण करितात व मगच होड्या पाण्यांत लोटतात. शहरवासियांस हा केवळ उत्सव वाटतो. आमच्या मतें तो एक जुना, अलिखित कायदा आहे. पावसाळ्यांत मासळीची वीण होते. त्या दिवसांत जाळीं वाळूवर राहावीं, हा नेम खवळलेल्या दर्यानें घालून दिला आणि कोळीवाड्यांनीं तो धर्म म्हणून पाळिला. हल्लीं १ जून ते ३१ जुलैची बंदी सरकार पुकारतें. ती अपुरी आहे, वाढवा, अशी मागणी पालघरकडील मच्छीमारांनींच वेळोवेळीं केलेली आहे. ज्यांचें पोट समुद्रावर, तेच उपासाचे दिवस वाढवून मागतात, हें राज्यकर्त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मग लहान होडीवाल्याच्या टोपलींत मासळी कमी कां? कायद्यांचा दुष्काळ आहे म्हणून खास नव्हे. १९८१ सालीं महाराष्ट्रानें सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. २०१६ सालीं पर्ससीन जाळ्यांस सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने ठरवून दिले. २०१७ सालीं केंद्र सरकारनें एलईडी दिव्यांच्या उजेडांत मासे ओढण्यास मनाई केली. २०२१ सालीं दंड लाखांच्या घरांत गेला आणि २०२३ सालीं ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरली. कागद भक्कम आहे. परंतु किनारा सुमारें ७२० किलोमीटरांचा, आणि गस्ती नौका थोड्या. २०२५ सालीं ड्रोन आले. पण ड्रोन पाहतो, अडवीत नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो रोज समुद्रावर असतो त्यास राखणीचा अधिकार द्या. यांत कायद्याची अडचण नाहीं. बारा सागरी मैलांपर्यंतचें मत्स्यव्यवसायाचें खातें घटनेनें राज्याकडेच दिलें आहे. १९९६ सालीं कमलनाथ प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, समुद्रकिनारा, वाहतें पाणी, हवा, वनें यांचें सरकार मालक नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्तानें कारभार करावा तो लाभार्थ्यांस दाराबाहेर उभें करून कीं काय? गडचिरोलींतील मेंढा-लेखा गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि गांव आपल्या बांबूचा कारभार आपण पाहूं लागलें. जंगलाच्या गांवास जें मिळालें, तें समुद्राच्या गांवास कां नसावें? जपाननें १९४९ च्या कायद्यानें किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे हक्क स्थानिक सहकारी संस्थांच्या हातीं दिले. तेथें राज्य बुडालें नाहीं.

कोणी म्हणेल, कोळी आपसांतच भांडतात. वसई-उत्तनकडील व सातपाटी-डहाणूकडील मच्छीमारांमधील कवींचा तंटा किती वर्षें चालला आहे! खरें आहे. परंतु डोलीचे खुंट कोणीं कोठें रोवावे हा वाद मुंबईच्या कचेरींत बसून मिटत नाहीं, म्हणूनच दोन्ही बाजूंच्या गांवांची अधिकारयुक्त पंचायत हवी. अधिकार नसलेल्या सभेंत भांडण होतें. अधिकार असलेल्या सभेंत निवाडा होतो.

तथापि कोळीबांधवांसही दोन शब्द स्पष्टपणें सांगणें आम्हांस भाग आहे. पर्ससीनवाल्याकडे बोट दाखविणें सोपें. परंतु डोलीच्या बारीक आसाच्या जाळ्यांतही पिलें मरतात. जो हक्क मागतो त्यानें प्रथम आपल्या जाळ्याचा आस मोठा करावा. आणि त्या पंचायतींत केवळ तांडेल बसून चालणार नाहीं. मासळी बाजारांत नेऊन घर चालवितात त्या कोळणी. त्यांस निम्म्या जागा नसतील, तर ती पंचायत अर्ध्या गांवाचीच ठरेल.

शेवटीं आमच्या व्यापारी वाचकांस एक विनंति. २०२३ सालीं पापलेटास राज्यमासा म्हणून गौरविलें. पण तळहाताएवढें पापलेट स्वस्त म्हणून आपणच विकत घेतों. गिऱ्हाईक आहे तोंवर तें समुद्रांत वांचणार नाहीं. सरकारनें कायदा दुरुस्त करावा, कोळीवाड्यानें जाळें दुरुस्त करावें, आणि आपण आपली पिशवी तपासावी. मुद्दल खाऊन व्याजाची आशा धरणारा व्यापारी दिवाळें काढतो, हें आपणांस आम्हीं सांगावयास नको.