भिंतीवरचे चित्र कोणाचे?



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळाशाळांतून मुलांना एक काम हमखास सांगितले जाते : ‘गड-किल्ल्यांची, नर्मदेच्या घाटांची चार छान चित्रे घेऊन ये.’ मुले इंटरनेटवरून पाच मिनिटांत छायाचित्रे उतरवून घेतात, कोपऱ्यातले छायाचित्रकाराचे नाव कापून टाकतात आणि रंगीत प्रती काढून भिंतीवर लावतात. पालक कौतुक करतात. यात कोणालाच काही गैर वाटत नाही. माझ्या मते ते गैर आहे, आणि निदान बडोद्यातल्या शाळांना तरी ते कळायला हवे.

बडोद्याचे नाव घेण्याचे कारण आहे. १८८८ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांना पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे काढण्यास सांगितले. त्या कामासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजा राजवर्मा यांनी देशभर प्रवास केला, ठिकठिकाणची माणसे आणि त्यांचे पोशाख पाहिले. चित्रे १८९०च्या अखेरीस पुरी झाली आणि मुंबईत व बडोद्यात सर्वांना पाहायला ठेवली गेली. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सूचना तर त्याआधीच बडोद्याचे माजी दिवाण, तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना पत्राने केली होती. १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा शिळाछाप कारखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापांमुळे लक्ष्मी आणि सरस्वती गरिबाच्याही घरात पोहोचल्या. पण धंद्याचा हिशेब जमला नाही, कर्ज झाले आणि अखेर कारखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्र घरोघरी गेले, तरी ते काढणाऱ्याच्या हाती काय उरते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या फतेगंजच्या अगदी जवळचे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत ना. श्री. बेंद्रे यांच्या हाताखाली शिकलेले आणि पुढे तिथेच अनेक वर्षे शिकवणारे ज्योती भट्ट (जन्म १९३४) यांनी १९६७ सालापासून गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि इतर प्रांतांतली खेडी कॅमेरा घेऊन पालथी घातली. बायकांनी सारवलेल्या भिंतींवर काढलेली चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, अंगावरचे गोंदण हे सारे त्यांनी टिपले. त्यातल्या कित्येक मातीच्या भिंती आता राहिलेल्या नाहीत, त्यांची छायाचित्रे मात्र आहेत. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा संग्रह हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्ह या संस्थेने संगणकावर आणला असून तो कोणालाही पाहता येतो. पण पाहायला मोकळे आहे म्हणून ते बेवारस आहे, असे नव्हे.

आज प्रवासी छायाचित्रकार आपली छायाचित्रे इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो. मधला दुकानदार गेला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु विकायचे तर आधी दाखवावे लागते, आणि दाखवले की लोक फुकट उचलतात. म्हणून तो पडद्यावर लहान प्रत दाखवतो आणि विकतो ती मोठी, कागदावरची प्रत. हा फरक गणिताने समजून घ्या. चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० बिंदू लागतात. म्हणजे १२ बाय १८ इंचांच्या प्रतीला ३६०० गुणिले ५४००, जवळजवळ १ कोटी ९४ लाख बिंदू हवेत. मोबाइलवर आलेले १६०० बाय १२०० बिंदूंचे चित्र त्याच दर्जाने जेमतेम सव्वापाच बाय चार इंच छापता येते. आपण ते ताणून मोठे करतो, म्हणून शाळांच्या भिंतींवरचे किल्ले धुरकट दिसतात!

चांगली प्रत आम्लरहित सुती कागदावर, लवकर न विटणाऱ्या शाईने काढतात. त्यावर सही असते आणि ‘३/२५’ असा आकडा असतो. त्याचा अर्थ, एकूण पंचवीस प्रतींपैकी ही तिसरी, सव्विसावी निघणार नाही. ही रीत मुद्राचित्रकारांची, आणि ज्योती भट्ट स्वतः नामवंत मुद्राचित्रकार. छायाचित्रकारांनी ती त्यांच्याकडूनच घेतली. अशा प्रतीच्या किमतीत कागद आणि शाईखेरीज रेल्वेचे भाडे, पहाटेची वाट पाहणे आणि ढगांमुळे वाया गेलेले दिवसही धरलेले असतात.

कोणी म्हणेल, शाळेकडे एवढे पैसे कुठून येणार? शिकण्यासाठी तर सूट असते ना? असते. वर्गात शिकवताना शिक्षकांनी वा विद्यार्थ्यांनी प्रत काढली तर १९५७चा कॉपीराइट कायदा आड येत नाही. मात्र विक्रीचे कॅलेंडर किंवा देणगीची स्मरणिका म्हणजे वर्गातला अभ्यास नव्हे. २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. रविवर्मा १९०६ साली निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे वापरायला आता कोणाची परवानगी लागत नाही. तरीही खाली नाव लिहावे, तो कायद्याचा नव्हे, रीतीचा भाग आहे.

विश्वस्त मंडळाला तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आपल्या अंकात आणि फलकावर छायाचित्रकाराच्या नावावाचून एकही छायाचित्र येऊ नये. चित्रातल्या कारागिराचे आणि गावाचे नाव ठाऊक असेल तर तेही द्यावे, कारण रांगोळी काढणारीही कलाकारच आहे. दुसरी, बाहेरचे छायाचित्र हवे असेल तर आधी पत्र लिहून परवानगी मागावी, आणि ते पत्र मुलांनीच लिहावे. नकार आला तरी पत्रलेखनाचा धडा पक्का होईल. तिसरी, बक्षिसांच्या प्लॅस्टिकच्या ढालींवर होणाऱ्या खर्चातून दरवर्षी एकच सही केलेली प्रत, शक्यतो आपल्याच माजी विद्यार्थ्याची किंवा बडोद्यातल्या नवोदित छायाचित्रकाराची, योग्य दाम देऊन विकत घ्यावी. दहा वर्षांत दहा चित्रे होतील.

पालकांनो, एखादी मुलगी छायाचित्रकार व्हायचे म्हणाली की आपण लगेच विचारतो, ‘त्यात पोट भरेल का?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर काही अंशी आपल्याच हातात आहे. आपण सगळे चित्रे फुकट उचलत राहिलो तर तिचे पोट भरणार नाही, आणि तिला नको म्हणताना आपण आपल्याच सवयीचा दाखला देत असू.